२००६ची पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या थरथरते आणि पिकअप घेताना झटके खाते; आधी काय तपासावं?

आधी स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी बघा, सेन्सर नंतर. इतक्या जुन्या गाडीत दोन्ही त्रास एकत्र असले की बहुतेक वेळा एखादा सिलिंडर 'मिसिंग' मारत असतो, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. परभणीत गॅरेज चालवताना हेच जास्त पाहिलंय. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, म्हणून एअर फिल्टर काढून झटका (आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो मातीनं किती भरतो, बघाल तेव्हा कळेल). पांढरट असेल तर हवा जास्त. मग इंजिन चालू ठेवून इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) रबरी नळ्यांजवळ कान लावा. फुस्स आवाज येत असेल तर नळी चिरलीय. हात आणि ओढणी-उपरणं पंख्यापासून लांब. वायरींसाठी रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा: निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर सगळा संच बदला, एकच नको. थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) एकदा साफ करून घ्या.

पण उभी असताना गाडी शांत आणि झटके फक्त चढावर किंवा भरल्या गाडीत येत असतील, तर पेट्रोल कमी पोचतंय. तिथे फ्युएल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर आधी. प्लग ऑइलनं ओला निघाला तर नवा टाकून उपयोग नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या.