दोघांत चार हजार रुपये घेऊन गोव्यातल्या तेझोरोसारख्या नावाजलेल्या बार-रेस्टॉरंटमध्ये जाता येईल का? आमचं हॉटेल कळंगुटला आहे.

जाता येईल, पण तिथेच पोटभर जेवायचा हट्ट सोडा. आणि मेन्यू बघायच्या आधी टॅक्सीचा हिशेब करा. तुम्ही विचारलेलं तेझोरो कोलव्याला आहे. २०२२ मध्ये आशियातल्या ५० सर्वोत्तम बारच्या यादीत ते चौथं आलं, तेव्हापासून ज्याला त्याला तिथेच जायचं असतं. तुमचं हॉटेल मात्र कळंगुटला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. रात्रीची जाऊन-येऊन टॅक्सी केलीत तर प्यायच्या आधीच खिसा हलका. भाड्याच्या स्कूटरवर पिऊन परतायचं डोक्यातही आणू नका. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे एक रात्र मडगाव-कोलव्याकडे मुक्काम हलवा, नाहीतर कळंगुटहून जवळचं आसगाव गाठा. जुन्या घरांतली चांगली रेस्टॉरंटं तिथे भरपूर आहेत.

बार उघडतो तेव्हाच जा आणि टेबल न मागता काउंटरवर बसा. गर्दी नसते, बारटेंडर निवांत असतो. काय घालतोय, का घालतोय, विचारलंत की खुशीत सांगतो. माझ्या मते अशा ठिकाणी पैसे मोजायचे ते याचेच. माणशी एक कॉकटेल घ्या, तेही फेणीचं. जिन-टॉनिक काय, पुण्यातही मिळते! सोबत दोघांत दोन छोट्या प्लेट. प्लेटमध्ये नग किती येतात ते आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाटलीबंद पाण्याऐवजी साधं पाणी सांगा.

बिल नीट वाचा. खाण्यावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो, पण मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तोच १८ टक्के होतो. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. सक्ती करता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये म्हटलंय. मी तो काढायला लावतो आणि काम आवडलं तर टीप थेट हातात देतो.

राहिलं जेवण. कोलव्याहून मडगाव जवळच आहे. तिथे संध्याकाळी गाड्यांवर रस-ऑम्लेट मिळतं: गरम ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार नारळाच्या रश्श्याचा, दाट रस, वरून बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि बुडवायला पाव. रस कमी पडला तर आणखी मागायचा, गाडेवाले सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त फार उशीर करू नका, रस संपला की गाडा बंद.

जून ते ऑगस्टमध्ये येणार असाल तर आधी फोन करा, पावसात काही ठिकाणं बंद असतात.