वाचकांचे प्रश्न : ‘मसाज शिकायला साडेचार वर्षं कशाला?’

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. फिजिओथेरपीच करायची म्हणते. माझे मेहुणे म्हणतात, मसाज शिकायला साडेचार वर्षं कशाला घालवायची? त्यापेक्षा डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करू दे, लगेच एखाद्या लॅबमध्ये चिकटेल. आम्हाला दोन्हीतलं काही कळत नाही. ही शिक्षणं आपल्याकडे आली कशी, आणि त्यांना काही किंमत आहे का? – एक पालक, कराड

उत्तर : मेहुण्यांवर रागावू नका. 1981 साली मी फिजिओथेरपीला प्रवेश घेतला तेव्हा माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. शिकून झाल्यावर मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी पाठ पुढे करून ‘जरा चोळून दे गं’ म्हणतंच.

हा विषय आपल्याकडे आणला पोलिओने. 1950च्या आगेमागे मुंबईत पोलिओची साथ आली. पोरं वाचली, पण पाय लुळे पडले. त्यांना उभं कोण करणार? औषध देणं डॉक्टरांचं काम, सेवा करणं नर्सचं, आणि उठून चालायला शिकवणारं माणूस इस्पितळात नव्हतंच. परळच्या केईएम इस्पितळात 1950 साली कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवण्याच्या उपचाराची, शाळा सुरू केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तिथे फिजिओथेरपीचीही शाळा निघाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. 1955 साली हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. फिजिओथेरपिस्टांची देशपातळीवरची संघटनाही त्याच वर्षीची. आधी पदविका होती, पुढे पदवी आली, मग एमपीटी ही पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी.

27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मी शिकत होते तेव्हा ओपीडीच्या बाकावर पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावलेली मुलं ओळीने बसलेली असायची. आता माझ्या विद्यार्थिनींना पोलिओचा पाय पुस्तकातच बघावा लागतो. यासारखं समाधान नाही.

आता मसाजचं. अर्धांगवायूचा पेशंट पलंगावर आहे. त्याचा गुडघा कितपत सरळ होतो हे बघायचंय. त्याला कुशीवर वळवून पाय आधाराने धरला, तर गुडघा हळूहळू सरळ होतो. पलंगाच्या कडेला बसवून पाय खाली सोडला, तर मात्र तोच गुडघा स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला जात नाही. स्नायूची ताकद आम्ही 0 ते 5 अशा ग्रेडमध्ये मोजतो. पहिल्या स्थितीत जमलं तर ग्रेड 2, दुसऱ्यातही पूर्ण जमलं तर ग्रेड 3. ऐकायला सोपं वाटतं. पण पेशंट हुशार असतो, कंबर उचलून फसवतो. मांडीच्या स्नायूवर ठेवलेल्या बोटांना ते कळायला हवं. ग्रेड चुकला की व्यायाम चुकतो, व्यायाम चुकला की माणूस पडतो. बोटांना हे कळायला पहिल्या वर्षाची शरीररचना लागते, मेंदू आणि नसांचं शास्त्र लागतं, आणि शेकडो पेशंटांचे पाय हातात घ्यावे लागतात. साडेचार वर्षं त्यात जातात. नव्या अभ्यासक्रमात तर इंटर्नशिप वर्षभराची होऊन पाच होतात.

आणि डीएमएलटीला कमी लेखू नका, हे मेहुण्यांनाही सांगा. ‘लगेच चिकटेल’ म्हणण्याइतकं ते हलकं काम नाही. प्रयोगशाळेचं काम आपल्याकडे फिजिओथेरपीच्याही आधीपासूनचं. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 साली ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. काम एवढं जुनं, पण ते करणाऱ्यांचं शिक्षण मागाहून आलं. जुन्या लोकांनी स्लाइड रंगवणं, पेशी मोजणं कुणाच्या तरी हाताखाली उभं राहून शिकून घेतलं. पदविका, पदवी नंतरच्या.

एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. ऑपरेशननंतर एका बाईंना मी पहिल्यांदा उभं करणार होते. तेवढ्यात लॅबमधून रिपोर्ट आला : पोटॅशियम भयंकर वाढलेलं, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. डॉक्टर धावले, मला थांबवलं. बाई मात्र पलंगावर बसून चहा मागत होत्या. पाठोपाठ लॅबमधल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन, ‘पुन्हा रक्त पाठवा, हे आकडे पेशंटचे नाहीत, ट्यूबचे आहेत.’ झालं असं होतं की रक्त घेणाऱ्या नव्या मुलाला साध्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं, म्हणून त्याने जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधलं थोडं त्यात ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए या रसायनाचं पोटॅशियम मीठ असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मशीनने आकडा बरोबरच दिला होता. तो खोटा आहे हे ओळखलं शिकलेल्या माणसाने. दुसऱ्या रिपोर्टात सगळं ठीक आलं आणि दुपारी बाई माझ्या हाताला धरून चार पावलं चालल्या.

मला खरी खंत आहे ती कायद्याची. नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947चा, दंतवैद्यांचा आणि फार्मसीचा 1948चा. फिजिओथेरपिस्ट आणि लॅब तंत्रज्ञ, आम्हा दोघांसाठी केंद्राचा कायदा यायला 2021 उजाडलं! महाराष्ट्राने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी 2002 साली स्वतःचा कायदा केला होता, पण प्रत्येक राज्यात तसं नव्हतं. मधल्या काळात कुणीही बोर्ड लावला, कुणीही वर्ग काढले. 2021च्या राष्ट्रीय कायद्यात फिजिओथेरपी आणि वैद्यकीय प्रयोगशाळा असे स्वतंत्र गट आहेत आणि शिक्षणाचे किमान तास लिहून दिले आहेत : सहायक व्यावसायिकासाठी 2000, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी 3600. किंमत आहे का, असं तुम्ही विचारलंत. कागदावर ती आत्ता कुठे लिहिली गेली आहे.

मुलीला तिच्या मनाप्रमाणे करू द्या. महाराष्ट्रात बीपीटीएचचे (फिजिओथेरपीच्या पदवीचे) प्रवेश नीट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतात, तेव्हा फॉर्मची तारीख चुकवू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि एसी हॉल बघून भुलू नका. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन बसा आणि पेशंट मोजा. पेशंटच नसतील तर मुलगी कुणाच्या पायावर हात ठेवून शिकणार? कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का, तेही बघा. अभिमत विद्यापीठाचं असेल तर त्याची मान्यता वेगळी तपासा.

प्रश्न : मी एका खासगी संस्थेतून एक वर्षाचं ‘लॅब टेक्निशियन’ सर्टिफिकेट घेतलं. दोन वर्षं लॅबमध्ये काम करतोय. आता सरकारी भरतीत अर्ज बाद झाला. संस्था फोन उचलत नाही. काय करू? – एक वाचक, जालना

उत्तर : वाईट वाटलं वाचून, आणि असं पत्र पहिलं नाही. त्या सर्टिफिकेटवर कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव आहे ते आधी बघा. फक्त संस्थेचंच नाव असेल तर त्यावर नोंदणीची आशा धरू नका. त्याच्या जोरावर आणखी एखादा ‘ॲडव्हान्स’ कोर्स तर मुळीच करू नका. बारावी सायन्स असाल तर मान्यताप्राप्त डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटीला नव्याने प्रवेश घ्या. दोन वर्षं तुम्ही नमुने हाताळलेत, तो हात वाया जाणार नाही, वर्गात तुम्हीच पुढे राहाल. फीच्या पावत्या आणि संस्थेची जाहिरात जपून ठेवा. जाहिरातीत ‘सरकारमान्य’ असं छापलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. फसवणुकीपासून दोन वर्षांच्या आत ती करायची असते, म्हणून तारखा आजच तपासा.