वाचक विचारतात: करोडपतीचा होस्ट बदलला की नक्की काय बदलतं?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की वर्षानुवर्षं चाललेल्या क्विझ शोमधला कुठला बदल तुम्हाला खटकला. वाटलं होतं कुणी बोर्नव्हिटा क्विझ काढेल, कुणी मास्टरमाइंड. पण जवळपास सगळी पत्रं केबीसी आणि आपल्या मराठी करोडपतीवरच आलीत, तेव्हा या वेळी तेवढंच घेऊ.

प्रश्न: ताई, मी केबीसी अगदी पहिल्या सीझनपासून बघतेय. मधे शाहरुख आला तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी नाकं मुरडली. मला तो आवडतो म्हणून मी एकटी बघायचे. आता मुलगी म्हणते शाहरुखमुळे शो पडला. खरंच त्याचं चुकलं का? (एक वाचक, सांगली)

अहो त्याचं एकट्याचं कसं चुकेल. आधी काय झालं होतं ते आठवा. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर शो सुरू झाला, १५ प्रश्न, १ कोटी, आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तो तेव्हा यूपीएससीची तयारी करत होता. मग २००५ ला दुसरा सीझन आला, रक्कम २ कोटी झाली, आणि तो अमिताभच्या आजारपणामुळे मधेच थांबवावा लागला. म्हणजे २००७ च्या जानेवारीत शाहरुख आला तो लोकांनी मागितला म्हणून नाही, खुर्ची रिकामी पडली म्हणून आला. खेळ तोच, २ कोटी तेच, फक्त माणूस वेगळा, आणि एप्रिलमध्ये सीझन संपला तो शो पुढची तीन वर्षं आलाच नाही, म्हणून पडला पडला असं बोलतात.

मला विचाराल तर शाहरुख चांगलाच होता पण तो फार फास्ट होता. हजरजबाबी माणूस, समोरचा काही बोलला की याचा जोक तयार, मग मिठी, मग टाळ्या. आणि हा शो चालतो मधल्या रिकाम्या जागेवर. स्पर्धक म्हणतो बी, नाही सी, नाही थांबा, आणि होस्ट काहीच बोलत नाही, नुसता बघतो, तेव्हा आपण घरी सोफ्याच्या टोकाला येतो. अमिताभला ते गप्प बसणं जमतं. बबिता ताडे आठवतात ना, अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, २०१९ ला १ कोटी जिंकल्या त्या? त्या भागातले प्रश्न आज कुणाला आठवत नसतील, त्या काय आणि कशा बोलत होत्या ते मात्र सगळ्यांना आठवतं. त्यांना बोलू दिलं म्हणूनच ना.

आणि नुसते पैसे वाढवून किंवा मोठं नाव आणून भागत असतं तर २००० सालीच झीने बाजी मारली असती. त्यांनी थेट १० कोटींचा शो काढला होता, अनुपम खेर आणि मनीषा कोईराला दोघं होस्ट, तरी तो गडगडला. पाठोपाठ सोनीने गोविंदाला आणलं, तेही फार टिकलं नाही. तेव्हा तुम्ही मुलीला सांगा शाहरुख एकटा नव्हता त्या लाइनीत.

प्रश्न: पूर्वी घड्याळ नव्हतं, माणूस डोकं खाजवत बसायचा ते बघायला मजा यायची. ही टिकटिक कुठून आणली? आणि फोन अ फ्रेंडचं व्हिडिओ कॉल का केलं? (एक वाचक, नाशिक)

दोन्हीच्या मागे आहे इंटरनेट, निदान बऱ्याच अंशी. मूळ शो ब्रिटनचा, सप्टेंबर १९९८ ला तिकडे सुरू झाला, आणि त्यात वेळेचं बंधनच नव्हतं. अमेरिकेत पुढे असं व्हायला लागलं की फोनवरचा मित्र कीबोर्ड बडवून गुगलवर उत्तर शोधतोय हे सरळ कळायचं, म्हणून २०१० ला त्यांनी ती लाइफलाइनच, म्हणजे अडल्यावर मिळणारी ती मदतच, काढून टाकली. घड्याळ त्यांनी त्याआधी २००८ लाच आणलं होतं. आपल्याकडे घड्याळ २०१० ला आलं, अमिताभ परत आला तेव्हाच, आणि अमिताभने त्या घड्याळालाही नावं ठेवून त्याचं एक पात्र करून टाकलं म्हणून आपल्याला ते तितकं टोचलं नाही. फोनचा व्हिडिओ कॉल झाला २०१७ ला, म्हणजे मित्राचं तोंड दिसतं, हात कुठे चाललेत तेही थोडंफार कळतं.

घड्याळाला माझा सरसकट विरोध नाही. पहिले पाच प्रश्न म्हणजे म्हण पूर्ण करा, गाणं ओळखा, त्यावर कशाला कोण दहा मिनिटं बसेल, तिथे ४५ सेकंद पुष्कळ झाले. पुढच्या पाचांना ६० सेकंद. आणि त्यानंतर गेली काही वर्षं घड्याळ नसतंच, हे महत्त्वाचं, कारण खरा खेळ तिथून पुढे आहे. तिथे प्रश्न ज्ञानाचा कमी आणि असा जास्त असतो की हातात २५ लाख आहेत, उत्तर साठ टक्के माहितीये, खेळू का घरी जाऊ. त्याला वेळ दिलाच पाहिजे.

अमेरिकेने काय केलं बघा. २०१० ला त्यांनी घड्याळ काढलं पण त्याच वेळी पैशांची शिडीच मोडली, पहिल्या दहा प्रश्नांच्या रकमा पत्त्यांसारख्या पिसून टाकल्या, म्हणजे कुठला प्रश्न किती डॉलरचा हे उत्तर दिल्यावरच कळणार. आता सांगा, पुढच्या प्रश्नावर किती आहेत हेच माहीत नसेल तर थांबायचं का खेळायचं हे ठरवणार कशावरून? त्या काळात होस्टही भराभर बदलले, मेरेडिथ व्हिएरा गेली, मग सेड्रिक द एंटरटेनर, मग टेरी क्रूज, मग ख्रिस हॅरिसन, आणि हॅरिसनच्या पहिल्याच सीझनला, २०१५ ला, शिडी गपचूप परत आणली. लोक होस्टला शिव्या घालत होते पण माझ्या मते दुखणं शिडीचं होतं. होस्ट बदला, लाइफलाइन बदला, प्रेक्षक आठ दिवसांत सरावतात. शिडी आणि ते थांबायचं का खेळायचं, याला हात लावला की शोमध्ये उरतं काय, नुसती सामान्यज्ञानाची परीक्षा.

प्रश्न: आमच्याकडे वाद चालू आहे. बाबांना सचिन खेडेकर पाहिजेत, मला नागराज मंजुळेंचा सीझन सगळ्यात भारी वाटला होता. तुम्ही कोणाच्या बाजूने? आणि आपल्याकडे एवढे होस्ट का बदलले? (एक वाचक, बार्शी)

बार्शी म्हणजे सोलापूर जिल्हा, नागराजही तिकडचेच, जेऊरचे, त्यामुळे तुझं मत आधीच फुटलंय असं बाबा म्हणत असतील.

आधी क्रम सांगते म्हणजे वाद नीट घालता येईल. २०१३ ला ईटीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' आलं, होस्ट सचिन खेडेकर. नंतर त्या चॅनलचं कलर्स मराठी झालं आणि २०१६ ला स्वप्नील जोशी आला. मग शो सोनी मराठीवर गेला, नाव झालं 'कोण होणार करोडपती', आणि २०१९ ला नागराज मंजुळे. २०२१ ला परत खेडेकर. म्हणजे नीट बघितलं तर, २०२१ सोडलं तर, चॅनलचं नाव किंवा चॅनल बदललं की होस्ट बदललाय. नवीन दुकान उघडणाऱ्याला पाटी नवीन लागते, एवढं साधं कारण असावं. हिंदीतही २०१० ला शो स्टारवरून सोनीवर गेला, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी या फॉरमॅटचे हक्क असलेली टूवेट्रॅफिक नावाची कंपनी सोनी पिक्चर्सने विकत घेतली होती, हा काही योगायोग वाटत नाही मला.

आता बाजू. खेडेकरांचं मराठी ऐकायला छान, प्रत्येक शब्द स्वच्छ, स्पर्धकाला अहो जाहो करत मान देतात, घरातल्या मोठ्यांना आवडणारच. पण समोर बसलेला माणूस खेड्यातला असेल तर तो खेडेकरांसमोर थोडा सावरून बसतो, बोलताना शब्द निवडतो. नागराजसमोर तो घरी बोलतो तसा बोलायचा, आणि नागराजही मधे मधे अडखळायचे, थांबायचे, काही जणांना ते कच्चं वाटलं, मला तेच आवडलं. होस्टिंग म्हणून खेडेकर सरस आहेत यात वाद नको. पण हॉट सीटवरचा माणूस कुणाच्या सीझनला जास्त उलगडला विचारशील तर मी तुझ्या बाजूने. बाबांना दाखवू नको हे.

प्रश्न: कोरोनाच्या वर्षी ऑडियन्स पोल काढला होता, तो कायमचा गेला का? (एक वाचक, ठाणे)

नाही नाही. २०२० ला स्टुडिओत प्रेक्षकच बसवता येत नव्हते तर पोल कोणाचा घेणार, म्हणून त्या जागी व्हिडिओ कॉल परत आला आणि फास्टेस्ट फिंगरला, म्हणजे हॉट सीटवर कोण जाणार ते ठरवणाऱ्या फेरीला, दहाऐवजी आठच जण घेतले. २०२१ ला प्रेक्षक परतले, पोलही परतला. त्या वर्षी फास्टेस्ट फिंगर मात्र तीन प्रश्नांचं केलं आणि ते मला बरं वाटलं. एका प्रश्नावर नशिबाने बटण लागतं, तिनांवर तसं नशीब चालत नाही.

प्रश्न: सगळ्या भाषांत हिरोच का होस्ट असतात? सिद्धार्थ बासू, डेरेक ओब्रायन यांच्यासारखा खरा क्विझमास्टर का नाही? आणि अमिताभनंतर कोण? (एक वाचक, बडोदा)

यादी बघितली तर खरंय तुमचं. तेलुगूत नागार्जुन, मग चिरंजीवी, मग ज्युनियर एनटीआर. तमिळमध्ये सूर्या, मग प्रकाश राज, मग अरविंद स्वामी. कन्नडमध्ये पुनीत राजकुमार. बंगालीत हिरो नाही पण सौरव गांगुली, म्हणजे तिकडे हिरोच्या वरचा. गंमत म्हणजे ब्रिटनचा मूळ होस्ट ख्रिस टॅरंट सिनेमावाला नव्हताच, सकाळच्या रेडिओ शोवर बडबड करणारा माणूस, आणि त्याने १९९८ ते २०१४ एकट्याने शो ओढला. २०१८ ला जेरेमी क्लार्कसन आला तेव्हा त्यांनी 'होस्टला विचारा' अशी नवीन लाइफलाइन काढली, म्हणजे उत्तर होस्टलाही माहीत नसतं आणि तो स्वतःच्या डोक्याने अंदाज सांगतो. नवीन माणसासाठी फॉरमॅटमध्ये केलेला असा शहाणा बदल मला दुसरा सापडला नाही.

बासू तर केबीसीच्या पडद्यामागे होतेच, पहिल्या सीझनपासून त्यांच्याच कंपनीने शो बनवला. पण पुढे बसायला क्विझमास्टर नको असं माझंही मत आहे. क्विझमास्टरला उत्तर येतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं आणि मग स्पर्धक विद्यार्थी होऊन बसतो. २०११ ला ५ कोटी जिंकलेला मोतिहारीचा सुशील कुमार महिना सहा हजारांवर कॉम्प्युटर ऑपरेटर होता, असा माणूस समोर असताना मास्तर नको, ज्याला त्याचं कौतुक वाटेल असा कोणीतरी हवा.

अमिताभनंतर कोण, हे दर वर्षी कोणीतरी छापतं आणि दर वर्षी परत तोच येऊन बसतो. २०२५ च्या ऑगस्टलाही आला, ८२ व्या वर्षी. कधीतरी बदलावं लागेलच. तेव्हा दुसरा अमिताभ शोधत बसण्यापेक्षा एखादी बाई आणा. तमिळमध्ये राधिका सरतकुमारने फक्त बायकांचा सीझन केलाय, हिंदीला एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नाही.

प्रश्न: १ कोटी म्हणतात, हातात किती येतात? (एक वाचक, चिपळूण)

यात पगारासारखा स्लॅब नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. वर्षात दुसरं काही उत्पन्न नाही असं धरलं तर त्या टॅक्सवर १० टक्के सरचार्ज, आणि या सगळ्यावर ४ टक्के सेस, एकूण ३४ लाख ३२ हजार गेले. राहिले ६५ लाख ६८ हजार. ३० टक्के चॅनल आधीच कापून घेतं, वरचे तुम्हाला स्वतः भरायचे असतात, तेव्हा जिंकलात तर चेकसोबतचे फोटो बघत बसू नका, आधी सीए गाठा.