पत्रिका नव्हे, सापळा

प्रश्न : ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली. वडिलांनी ती उघडली, 'इन्स्टॉल' दाबलं. पत्रिका काही दिसली नाही. आता काय करावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. नंबर ओळखीचा असण्याला काही अर्थ नाही, त्यांचाही फोन असाच फसलेला असतो.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याचा हक्क काढून पुन्हा प्रयत्न करा. तरीही शंका उरली तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं. कटकटीचं आहे, पण खात्रीचं. नंतर *#२१# लावून कॉल परस्पर वळवलेत का बघा. वळवले असतील तर ##००२# ने बंद होतात.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, पोलीस ठाणं त्यानंतर. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते, म्हणून ही घाई.