४० लिटरच्या रीफ टँकमधले (कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा काचेचा टँक) दगड नव्यानं लावू की मोठा टँक घेऊ? (गाव यवतमाळकडं, आता एप्रिल)

भाऊ, आत्ता दोन्ही नका करू, पावसाळा लागू द्या मग थेट मोठाच टँक घ्या. कोरलला पाणी २४ ते २७ डिग्री लागते अन् आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाते, त्यात लाइन गेली की पंखा पंप दोन्ही बंद, एवढंसं पाणी लगेच तापते आणि उडून खारटपणा वाढते तो वेगळाच (भर घालताना बिनमिठाचं आरओचंच पाणी घाला, मीठ उडत नाही). दगड हलवले की रेतीतली घाण उठते, अमोनिया चढतो, छोट्या टँकला ते झेपत नाही. पण दोन कोरल एकमेकांना टेकून कडा पांढऱ्या पडत असतील तर थांबू नका, तेवढा एकच तुकडा आजच वीतभर दूर सरकवा.