एक शब्द घे, पण पूर्ण घे

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. रोज इंग्लिशचे वीस शब्द पाठ करतेस आणि आठवड्याने दोन-तीनच आठवतात, म्हणून आपली मेमरीच खराब आहे असं तुला वाटायला लागलंय. मेमरीला काही झालेलं नाहीये गं, तू शब्द सुटे सुटे घेतेस म्हणून ते टिकत नाहीत.

ती लिस्ट सध्या बाजूला ठेव आणि तुला आधीच येणारा एखादा शब्द घे, समजा डिसाइड. नाम डिसिजन, विशेषण डिसायसिव्ह, त्याच्या उलट इनडिसायसिव्ह. मग लक्षात येतं की डिव्हाइडचं डिव्हिजन, कोलाइडचं कोलिजन, सगळं त्याच चालीवर जातंय. अर्थात चाल आंधळेपणाने लावायची नाही, अराइव्हचं अरायव्हल होतं आणि रिफ्यूजचं रिफ्यूजल, ते तसंच लक्षात ठेवावं लागतं. आणि नाम शिकलीस की त्याच्यासोबत कुठलं क्रियापद येतं तेही बघ, कारण डिसिजनला 'डू' चालत नाही, 'मेक' लागतं. बरेच जण इथेच अडकतात, शब्द येतो पण वाक्यात बसत नाही. उच्चारही ऐकून घे, फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर.

आता फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलणारी क्रियापदं, ज्यांचा तू उगाच धसका घेतलायस. मराठीत दिवसभर तू हेच तर करतेस. करून टाक, करून ठेव, करून बघ, नको ते करून बसला, क्रिया 'करणे'च आहे पण पुढचा शब्द बदलला की अर्थ फिरतो, आणि 'करून बसला' मध्ये कुणी बसलेलं नसतं हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्लिशमध्ये हे काम अप, ऑफ, आउट असले छोटे शब्द करतात. ईट अप, यूज अप मधल्या 'अप'चा अर्थ वर नाही, संपवून टाकणं आहे. प्रत्येक 'अप' असा नसतो, पण असे गट दिसायला लागले की निम्मी भीती जाते.

एक गोष्ट मात्र घोकलीस तरी चालेल. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण 'इट' आलं की फक्त 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर' मात्र असं तोडता येत नाही, 'लुक आफ्टर हर' असंच म्हणायचं.

पुट ऑफ आणि पोस्टपोन, लुक इनटू आणि इन्व्हेस्टिगेट, अशा एकाच अर्थाच्या जोड्या का असतात असं विचारलं होतंस. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग बराच काळ दरबारात फ्रेंच चालली, विद्वानांची लॅटिन होतीच, त्यामुळे तिकडून आलेले पोस्टपोनसारखे शब्द अजूनही जरा भारदस्त वाटतात. आपलं 'पुढे ढकलणं' आणि 'स्थगित करणं' तसंच. मैत्रिणीशी बोलताना पुट ऑफ, ऑफिसच्या पत्रात पोस्टपोन.

आणि हो, क्रियापद असताना 'लॉग इन' दोन शब्द, नाम झालं की 'लॉगिन' एकच. हे जाहिरातींतसुद्धा सर्रास चुकतात, तू चुकू नकोस.

या आठवड्यात फक्त 'कॅरी' घे. कॅरी ऑन, कॅरी आउट, कॅरिअर, प्रत्येकाचं तुझ्या स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य लिही, अर्थ लिहू नकोस. जिथे अडशील ते वाक्य अर्धवट असलं तरी तसंच पाठव, मी बघते.