उतारवयात दात पडल्यावर कवळी बसवावी का?

सातारा तालुक्यातील आपल्या आईंचे बहुतेक दात पडले असून, सत्तरीनंतर कवळीचा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो अवश्य करावा. दात केवळ वयामुळे पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांचे आजार ही मुख्य कारणे असून, आपल्याकडील मिशरीची सवय आणि अनियंत्रित मधुमेह हे नुकसान वाढवतात. दात गेले की ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, काकडी हे सारे ताटातून नाहीसे होते, माणूस चहात बुडवलेल्या बिस्किटांवर आणि मऊ भातावर भागवू लागतो, आणि त्याहून दुःखद म्हणजे लग्नकार्यात पंगतीला बसणे, चारचौघांत मोकळेपणी हसणेही तो टाळू लागतो. जपानमध्ये १९८९ पासून ‘८० व्या वर्षी २० दात’ ही मोहीम चालते, कारण साधारण तेवढे दात असले की बहुतेक अन्न चावता येते. म्हणून उरलेले दात तपासणीशिवाय सरसकट काढू देऊ नयेत. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे फार वर्षे थांबल्यास कवळी घट्ट बसणे अवघड होते. ती रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी. मिशरी मात्र आजच बंद करावी, कारण तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचाही धोका असतो.